बरे झाल्यानंतरची इयादत

‘इयादत’ हा शब्द उर्दू बोलणाऱ्या घरांत रोजच्या वापरातला आहे. आजारी माणसाला भेटायला जाणे, त्याची विचारपूस करणे म्हणजे इयादत. मराठीत आपण ‘जरा बघून येतो’ म्हणतो, तेच. इस्लाममध्ये ही नुसती रीत नाही, आजारी माणसाचा तो इतरांवरचा हक्क मानला आहे. पैगंबर साहेबांच्या सेवेत असलेला एक ज्यू मुलगा आजारी पडला, तेव्हा ते स्वतः त्याच्या घरी जाऊन उशाशी बसले, अशी नोंद हदीसच्या ग्रंथांत आहे. इयादतीला धर्माची हद्द नाही, हे त्यातून कळते. तिचे शिष्टाचारही सांगितले आहेत. फार वेळ बसू नये, रुग्णाला दमवू नये, धीर वाटेल असे बोलावे आणि दुआ करून उठावे.

रमजानात या भेटी वाढतात. इफ्तारच्या आधी फळांची पिशवी घेऊन कोणी आजाऱ्याकडे जाऊन येतो, तर कोणी तरावीहनंतर डोकावतो. आपल्या कोल्हापुरात तर कोण कोणाकडे जातो याचा हिशेब जात-धर्मावर कधी चाललाच नाही. सीपीआरच्या वॉर्डात एका खाटेशेजारी तसबीह आणि दुसऱ्या खाटेशेजारी अंबाबाईचा अंगारा, हे चित्र आपल्याला नवीन नाही.

तरीही एक गोष्ट या महिन्यात आवर्जून सांगावीशी वाटते. कॅन्सरच्या बाबतीत आपली इयादत वेळेआधी थांबते. ऑपरेशन झाले, केमो संपली, डॉक्टरांनी ‘आता तीन महिन्यांनी दाखवा’ म्हटले, की लोक समाधानाने घरी जातात. ‘अब तो ठीक हो गये ना?’ हा शेवटचा प्रश्न. तो प्रेमाने विचारलेला असतो, पण त्याला ‘हो’ याशिवाय दुसरे उत्तर देण्याची सोय नसते. त्या ‘हो’च्या मागे माणूस एकटा राहतो.

उपचार संपल्यावर काय उरते, ते पाहू. तोंडाच्या कॅन्सरचे उदाहरण घ्या. तंबाखू, मावा, गुटखा यांनी आपल्या भागात हा आजार घराघरांत ओळखीचा करून ठेवला आहे. तोंडाला रेडिएशन दिले की लाळेच्या ग्रंथींना इजा होते आणि तोंड कोरडे पडते. काहींचे ते कायमचे कोरडे राहते. जबडा आखडतो, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. तिखट जिभेला सोसत नाही. ज्या गावाची ओळखच तांबडा-पांढरा रस्सा आहे, त्या गावात हा माणूस पंगतीला बसायचे टाळू लागतो. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ बरे झाल्यानंतरच्या पहिल्या रमजानात मशिदीतल्या इफ्तारला येत असत. खजुराच्या प्रत्येक तुकड्यावर त्यांना पाण्याचा घोट लागे. शेजारच्यांचे खाऊन होई, लोक नमाजला उठत, तरी यांचा दुसरा खजूर संपलेला नसे. कोणी काही बोलले नाही. तरी आठवडाभरात त्यांचे येणे बंद झाले.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हात सुजू शकतो. ती सूज लवकर ओळखली, व्यायाम केला, पट्टी बांधली तर आटोक्यात राहते. दुर्लक्ष केले तर कपडे पिळणे, भाकरी थापणेही जड जाते. आतड्याच्या कॅन्सरनंतर कोणाच्या पोटावर पिशवी असते. नमाज पढणाऱ्याला प्रश्न पडतो की माझा वजू टिकतो का, मी मशिदीत जाऊ का? अशा माणसाला शरियतमध्ये ‘माजूर’ म्हणजे सवलतीस पात्र मानले आहे आणि त्याची नमाज होते. उत्तर सोपे आहे, पण मौलानांपुढे चारचौघांत तो प्रश्न विचारणे अवघड आहे. तीच अडचण हळदीकुंकवाला बोलावलेल्या, पण पदर सावरत दारातूनच परत फिरणाऱ्या बाईची.

याखेरीज थकवा असतो. झोप काढूनही न जाणारा हा थकवा घरच्यांना आळस वाटतो. आणि भीती असते. साधा खोकला आला, पाठीत कळ आली, की ‘पुन्हा तर नाही?’ तपासणीची तारीख जवळ आली की आठ-आठ दिवस झोप उडते. हे डॉक्टरांना सांगायचे, तर बाहेर रांग असते. घरी सांगायचे, तर घरचे आधीच पिचलेले असतात.

राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १४.६ लाख नवे रुग्ण होते. उपचार सुधारले तसे बरे होऊन जगणारेही वाढत आहेत. आपल्याकडची परिस्थितीही बदलली. पूर्वी कॅन्सर म्हटले की महालक्ष्मी एक्सप्रेस आणि परळचे टाटा हॉस्पिटल, एवढीच वाट होती. आता गोकुळ शिरगावला, मिरजेला उपचार मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन, केमो, रेडिएशनचा खर्च निघतो. जीव वाचवण्याची व्यवस्था आपण बऱ्यापैकी उभी केली. वाचलेला जीव चांगला जगावा याची व्यवस्था मात्र नशिबावर सोडली.

डॉक्टरांकडे हे मोजण्याचे साधन नाही, असेही नाही. युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेने तयार केलेली ३० प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात आणि ती मराठीतही आहे. लांब चालताना त्रास होतो का, झोप लागते का, चिडचिड होते का, आजारामुळे घरच्या आयुष्यात, लोकांत मिसळण्यात अडथळा येतो का, पैशाची ओढाताण झाली का, असे त्यातले विषय. इयादतीला जाणाऱ्याने जे विचारायला हवे, तेच त्यात आहे. प्रश्न मराठीत तयार आहेत, ते नियमाने विचारणारे कोणी नाही.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न जुने आहेत आणि त्यांची सुरुवात बहुधा रुग्णांनीच केली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टेरेस लासर या बाईंनी स्वतःच्या स्तनाच्या ऑपरेशननंतर इतर बायकांना भेटायला जायला सुरुवात केली. पुढे ‘रीच टू रिकव्हरी’ नावाने ते काम जगभर पसरले. आपल्याकडे टाटा मेमोरियलमध्ये १९९१ साली, उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी वेगळे क्लिनिक सुरू झाले. बरे झालेले मूलही पुढे वर्षानुवर्षे पाहावे लागते, हे त्यामागचे शहाणपण. स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी मुंबईत १९९४ मध्ये ‘व्ही केअर’ सुरू केले. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ मध्ये ‘उगम’ हा गट उभा राहिला, तो लहानपणी कॅन्सर झालेल्या आणि आता मोठ्या झालेल्या मुलामुलींचा. शरद पवारांनी तोंडाच्या कॅन्सरबद्दल आणि तंबाखूबद्दल जाहीरपणे बोलणे, अभिनेते शरद पोंक्षे यांनी आपल्या आजारपणावर पुस्तक लिहिणे, यामुळेही अनेकांची जीभ मोकळी झाली.

पण हे बरेचसे मुंबई-पुण्यात घडले. चंदगड, आजरा किंवा गगनबावड्याच्या माणसाने आधारगटाच्या तासाभराच्या बैठकीसाठी कोल्हापूरलाही यायचे म्हटले तरी एक दिवसाची मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागते. इथेच ऑनलाइन आधार-कार्यक्रमाचा विचार करायला हवा. उपचारांपुरता आपण तो स्वीकारलाही आहे. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड यांच्याशी जोडलेली ‘नव्या’ ही सेवा रुग्णाची कागदपत्रे ऑनलाइन पाहून तज्ज्ञांचे मत देते. रिपोर्ट फोनवरून जाऊ शकतो, तर मनातली भीती का जाऊ नये?

‘फोनवरून कसली माया?’ असे म्हणणारे भेटतील. त्यांच्यासाठी दोन उदाहरणे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी इंटरनेट घरोघरी पोचण्याआधीच, १९९०च्या दशकात, स्तनाच्या कॅन्सरचे नुकतेच निदान झालेल्या स्त्रियांच्या घरी संगणक बसवले. त्यावर खात्रीची माहिती, तज्ज्ञांना प्रश्न विचारण्याची सोय आणि एकमेकींशी बोलण्याची जागा होती. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्या स्त्रियांना माहिती मिळवणे, डॉक्टरांशी बोलणे सोपे गेले, आणि ज्यांची परिस्थिती बेताची होती त्यांना तुलनेने जास्त फायदा झाला. दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. तिथे केमो चालू असलेल्या, आजार पसरलेल्या ७६६ रुग्णांपैकी काहींना आपले त्रास ऑनलाइन कळवायला सांगितले. त्रास वाढला की नर्सला सूचना जाई आणि ती फोन करी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, या गटाचे आयुष्यमान नेहमीच्या पद्धतीने पाहिलेल्या गटापेक्षा मध्यमानाने सुमारे पाच महिन्यांनी जास्त होते. हे उपचार चालू असलेले रुग्ण होते, बरे झालेले नव्हते, एवढा फरक लक्षात ठेवायचा. वेळेवर विचारपूस करण्यात किती ताकद आहे, ते मात्र यातून दिसते. तिथे इयादतच चालू होती, फक्त फोनवरून.

तेवढ्याच प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या ऑनलाइन आधारगटांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये घेतला, तेव्हा पुरावा तोकडा आणि कच्चा आढळला. नुसता गट उघडून दिला की माणसे सुखी होतात, असे काही सिद्ध झालेले नाही. आपला रोजचा अनुभवही तेच सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर गट करणे दोन मिनिटांचे काम आहे. तिसऱ्या दिवशी त्यात सुप्रभातची फुले येतात, चौथ्या दिवशी ‘अमुक पानांच्या रसाने कॅन्सर मुळापासून बरा’ असा फॉरवर्ड येतो, आणि एखाद्या सदस्याच्या निधनाची बातमी आली की सगळा गट महिनाभर हादरून बसतो. अशा गटापेक्षा गट नसलेला बरा.

म्हणून आधार-कार्यक्रम आणि मोकाट गट यांतला फरक समजून घ्यावा लागेल. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी दीर्घ आजारांच्या रुग्णांसाठी घडवलेला कार्यक्रम यासाठी पाहण्यासारखा आहे. त्याची मुदत ठरलेली आहे, सहा आठवडे. प्रत्येक आठवड्याचा विषय ठरलेला. चालवणारे दोघे, त्यातला किमान एक तो आजार भोगलेला, आणि दोघांनाही प्रशिक्षण दिलेले. प्रत्येक सदस्य त्या आठवड्यात झेपेल असे एक छोटे काम ठरवतो आणि पुढच्या वेळी ते झाले की नाही, अडले असेल तर कुठे, हे सांगतो. ‘रोज संध्याकाळी रंकाळ्यावर दहा मिनिटे चालेन’ एवढे कामही पुरते. याच धर्तीवर कॅन्सरमधून उठलेल्यांसाठी आणि ऑनलाइन चालणारे कार्यक्रमही निघाले.

आपल्या जिल्ह्यासाठी असे काही करायचे, तर मला चार अटी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, भाषा मराठी असावी, आणि घरात दखनी-उर्दू बोलणाऱ्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्यावे. दुखणे माणूस घरच्या भाषेतच नीट सांगतो. दुसरी, लिहिण्यापेक्षा बोलण्यावर भर असावा. ज्यांना टाइप करता येत नाही, त्यांना आवाजात निरोप पाठवता येतो. व्हिडिओची सक्ती नको. केस गेलेल्या, चेहऱ्यावर टाके असलेल्या माणसाला पडद्याआड राहण्याचा हक्क असावा. तिसरी, बायकांचा गट वेगळा असावा आणि गट लहान, दहा-पंधरा जणांचा असावा. चौथी अट सगळ्यांत महत्त्वाची. गटाच्या मागे एक नर्स आणि एक समुपदेशक असलाच पाहिजे. औषधांबद्दलचा सल्ला फक्त तिथूनच यावा, आणि गाठ, रक्तस्राव, सूज असे काही कोणी सांगितले तर त्या माणसाला थेट डॉक्टरांपर्यंत नेण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरलेले असावे.

यात फोनचाच एक अडथळा आहे, आणि तो मोठा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरण्याजोगा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. घरातला स्मार्टफोन बहुतेक वेळा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असतो. स्तनाच्या ऑपरेशननंतरची लाज, नवऱ्याशी तुटलेला संवाद, हे मुलाच्या फोनवरून, मुलाच्या देखत कोणती आई बोलेल? म्हणून कार्यक्रमाची सुरुवात घरातून करावी लागेल. आठवड्यातला एक तास फोन आईचा, आणि त्या तासात खोलीचे दार तिच्यासाठी बंद, एवढा शब्द घरातल्या पुरुषांकडून घ्यावा लागेल. ज्या घरात स्मार्टफोनच नाही, तिथे नर्सचा साधा फोन आठवड्यातून एकदा जायला हवा.

इथे शाहू महाराजांची आठवण होते. शाळा गरिबांसाठी उघडल्या, फी माफ केली, तरी खेड्यातला मुलगा शाळेत टिकत नाही, कारण त्याला शहरात राहायला जागा नाही, जेवायला ताट नाही, हे त्यांनी ओळखले. १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आले, आणि त्यातून शिकलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांत आमच्यासारखी अनेक घरे आहेत. शिक्षणाचे दार उघडणे हे एक काम, आणि आत आलेल्याला टिकवून धरणे हे दुसरे, ही समज या गावाला सव्वाशे वर्षांपूर्वी मिळाली. कॅन्सरच्या बाबतीत आपण अजून पहिल्याच कामावर थांबलो आहोत. योजनेने ऑपरेशनचे पैसे दिले. ऑपरेशन झालेल्याचे ‘बोर्डिंग’ कोणी बांधायचे?

त्यासाठी इमारतीची गरज नाही. सीपीआर आणि शहरातली कॅन्सर रुग्णालये रुग्णाला घरी सोडताना त्याच्या संमतीने नाव नोंदवून घेऊ शकतात. आमच्या महाविद्यालयांत मानसशास्त्राचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आहेत. तांत्रिक बाजू, फोन लावून देणे, वयस्करांना शिकवणे हे त्यांना सहज जमेल. बरे झालेल्यांपैकी ज्यांना बोलायची इच्छा आहे, अशांना गट चालवायचे प्रशिक्षण द्यावे. पहिल्या वर्षी दोन गट चालले तरी खूप झाले.

आणि पैसा? रमजान हा जकातीचा महिना. सांपत्तिक पात्रता असलेला मुसलमान आपल्या वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के भाग गरजूंना देतो. आजारपणासाठी आपल्याकडे सढळ हाताने दिले जाते, पण ते ऑपरेशनच्या पावतीवर. या वर्षी देताना एक प्रश्न विचारून पाहा: उपचार संपलेल्या गरीब माणसाला आता कशाची गरज आहे? तपासणीला जायचे प्रवासभाडे, सुजलेल्या हातासाठीची पट्टी, पोटावरच्या पिशव्या, वर्षभराचा फोन रिचार्ज. या गोष्टी स्वस्त आहेत आणि म्हणूनच कोणी विचारत नाही. जकातीचे नियम उलेमांना विचारून पाळावेत. सदक्याला, म्हणजे ऐच्छिक दानाला, तर धर्माचीही अट नाही. गणेश मंडळांनी, तालमींनी, महिला मंडळांनीही हा खर्च आपला मानावा. विणकाम येणाऱ्या बायकांना सांगते, ‘निटेड नॉकर्स इंडिया’ या उपक्रमातल्या स्वयंसेविका सुती धाग्याचे हलके कृत्रिम स्तन हाताने विणून रुग्णांना मोफत देतात. आपल्या गावात हे विणणारे हात नक्कीच आहेत.

रोज्यांबद्दलही थोडे. कॅन्सरमधून उठलेल्या अनेकांना या महिन्यात एकच ध्यास असतो, ‘यंदा तरी रोजे होऊ देत.’ कोणाच्या गोळ्या सहेरी आणि इफ्तारच्या वेळेत बसवता येतात, कोणाला पाण्यावाचून राहणे धोक्याचे असते. हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच सांगायचे. कुरआनने आजारी माणसाला मुभा दिली आहे. राहिलेले रोजे पुढे पूर्ण करावेत, आणि ज्याला ते कधीच शक्य नाही त्याने गरिबाला जेवू घालावे. ही मुभा घेणाऱ्याकडे ‘आता तर बरा दिसतोस की’ अशा नजरेने पाहणे, हा त्याच्या आजारावरचा दुसरा आजार होतो.

जिल्ह्याचा असा कार्यक्रम उभा राहीपर्यंत दोन गोष्टी आजच करता येतील. मन फार खचले असेल तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. हा क्रमांक रुग्णाच्या आणि त्याला सांभाळणाऱ्याच्याही फोनमध्ये असावा. आणि दुसरी गोष्ट आपण सगळ्यांनी करायची. गल्लीतल्या, नात्यातल्या, ऑफिसातल्या ज्या माणसाचा उपचार वर्षा-दोन वर्षांपूर्वी संपला, त्याला या आठवड्यात एक फोन करा. ‘ठीक आहात ना?’ असे विचारू नका. झोप कशी लागते, जेवण कितपत जाते, तपासणी कधी आहे, सोबत येऊ का, असे विचारा. मग थोडा वेळ गप्प बसून ऐका.